मिरगाला टोमॅटो आणि सासूबाईंचं 'आतां नाका'

या वेळचं पत्र फोंडा तालुक्यातून आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं आखडून देते.

"ताई, यजमान निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याचा फ्लॅट सोडून त्यांच्या गावच्या घरी आलो. मागे चार गुंठ्यांचं परस आहे, दोन माड आणि विहीर. पुण्यात गच्चीवर माझ्या चाळीस कुंड्या होत्या, सोसायटीतले लोक बाग बघायला यायचे. इथे मात्र दोन्ही वर्षं हात पोळले. मिरगाला टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी, झेंडू लावले आणि जुलैच्या मध्यापर्यंत सगळं गेलं. टोमॅटोची झाडं रात्री हिरवीगार होती, दुसऱ्या दिवशी दुपारी ओल्या फडक्यासारखी लोंबली. पडवीच्या खांबावर दोडक्याचा एक वेल चढला आहे तेवढाच जोरात आहे, आणि तो कोणी लावला तेही मला ठाऊक नाही. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे परसात उतरत नाहीत, मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसतात. मी काही लावायला घेतलं की एकच बोलणं, 'आतां नाका'. का नको ते सांगत नाहीत. जूनमध्ये मी गडग्याकडचं, म्हणजे दगडी कुंपणाकडचं, तण उपटून परस स्वच्छ केलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता यजमान म्हणतात, फरशी घालून टाकू, चिखलाची कटकट जाईल, गाडीही लावता येईल. मला रडू येतं. माझा हात खराब आहे का? सासूबाईंना माझं इथे काही करणंच नको आहे का? आणि फरशी घालू का?"

ताई, तुमचा हात खराब नाही. चाळीस कुंड्या जगवणारा हात दोन वर्षांत बिघडत नसतो. पुण्याचं वेळापत्रक फोंड्याच्या मातीला लागू पडत नाही, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

पुण्यात वर्षभरात मिळून साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात ३००० च्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुण्यात अख्ख्या वर्षात पडतं त्याहून जास्त पाणी इथे एकट्या जुलैत पडतं. गच्चीवर मिरगाचा पाऊस आला की आपण रोपं बाहेर काढतो. इथे त्याच रोपाला पुढचे दोन महिने धड ऊन दिसत नाही, मुळांभोवतीची माती कधी वाळत नाही, आणि तुम्ही हौसेने घातलेलं शेणखत आठ दिवसांत ओहोळाच्या वाटेने निघून जातं. जांभ्याची ही लाल माती मुळातच आंबट. हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना धुऊन नेला, मागे लोह राहिलं. म्हणून ती लाल दिसते आणि म्हणूनच घातलेलं स्फुरदही ती पटकन धरून ठेवते, झाडाला सोडत नाही.

टोमॅटोचं तुम्ही जे वर्णन केलंत ते वाचून मला आमच्या डिचोलीच्या घरचा एक वाफा आठवला. पान पिवळं पडत नाही, कीड दिसत नाही, आणि उभं झाड एका दिवसात मान टाकतं. हा बहुतेक जिवाणूंमुळे होणारा मर रोग. खात्री घरीच करता येते. मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, बोटभर तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात अधांतरी धरा आणि हलवू नका. दोन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला तर मरच. हा जिवाणू मातीत राहतो. उबदार, ओली, आंबट माती त्याला मानवते, आणि वाफ्यात पाणी साचलं की तो एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत पोहत जातो. टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी, बटाटा ही सगळी एकाच कुळातली, म्हणून एकाला धरलं की बाकीच्यांनाही धरतो. फवारणीने तो जात नाही. दुकानात कोणी बाटली हातात दिली तर ती परत ठेवा.

मेलेली झाडं मुळासकट काढा, खताच्या खड्ड्यात टाकू नका, आणि ज्या खुरप्याने काढलीत ते धुऊन उन्हात ठेवा. त्या जागी निदान दोन-तीन वर्षं या कुळातलं काहीच नको. मका चालेल, अळसांदे (चवळी) चालतील, तांबडी भाजी (लाल माठ) तर झकास येईल. वांग्यांचा फारच मोह असेल तर जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा. मर रोगाला सहज बळी न पडणारे वांग्याचे वाण तिथे तयार झाले आहेत.

पावसात मिरची होतच नाही असं मात्र समजू नका. काणकोणातली खोल्याची मिरची पावसातच लावतात, पण डोंगराच्या उतारावर. पाऊस तिथेही तेवढाच पडतो, पाणी थांबत नाही इतकंच. तुमच्या सपाट परसात पाणी थांबतं. एक काम करा. पुढच्या जोरदार सरीनंतर छत्री घेऊन परसात उभ्या राहा आणि पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं ते अर्धा तास नुसतं बघा. तेवढं बघितलंत की वाफे कुठे करायचे आणि चर कुठून काढायचा ते आपोआप कळेल.

आता सासूबाई. हे मी सगळ्यात मनापासून लिहिते आहे.

जूनमध्ये तुम्ही गडग्याकडचं जे तण काढलंत त्याची पानं अंड्याच्या आकाराची, मऊ, जोडीजोडीने लागलेली होती का? संध्याकाळी मिटायची का? तसं असेल तर तो तायकिळो होता, तुमच्याकडचा टाकळा. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडेच तो कोवळा असतो. फणसाच्या बिया घालून, वर ओलं खोबरं पेरून त्याची भाजी करतात. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, बिया त्यासाठीच तर उन्हाळ्यात राखेत किंवा मातीत जपून ठेवलेल्या असतात. बाजारात भाज्या महाग आणि मासेमारी बंद, अशा दिवसांतली ही हक्काची भाजी. ८४ वर्षांच्या बाईने वर्षभर तिची वाट पाहिली असेल, आणि सुनेने ती उपटून गडग्यापलीकडे फेकली. दोन दिवसांचं मौन मला तरी समजतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तेही समजतं. जाऊन सांगा त्यांना, "मला ओळखू आला नाही." एवढंच सांगा. पुढच्या वर्षी तो तिथेच उगवेल, त्याचं बी मातीत भरपूर असतं.

'आतां नाका'चंही तसंच आहे. त्या पिढीच्या बायकांनी परस जून-जुलै असं महिन्यांनी चालवलं नाही. रोहिणी, मिरग, सांजांव (सेंट जॉनचा सण), नागपंचमी, चवथ (गणेश चतुर्थी), दसरा, तुळशीचं लग्न, शिगमो, या त्यांच्या खुणा. प्रत्येक खुणेला काहीतरी रांधायचं असतं, देवाला काहीतरी वाहायचं असतं, आणि ते त्या दिवशी परसात तयार हवं असतं. हिशेब तिथून उलटा सुरू होतो. पातोळ्यांना हळदीची रुंद पानं श्रावणात हवीत, म्हणून हळदीचे गड्डे मे सरता सरता मातीत जातात. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, स्वतःच्या परसातलं दोडकं बांधायचं, तर बी मिरगाच्या तोंडाशीच टोचायचं, कारण दोडक्याला पहिलं फळ धरायला दोनेक महिने लागतात. तुम्ही मिरगाला टोमॅटो हातात घेतलात, तेव्हा त्यांच्या हिशेबात टोमॅटोचा सण अजून चार महिने लांब होता. आणि हा हिशेब त्यांना तुम्हाला समजावून सांगता येईलच असं नाही. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांनाही कोणी 'का' ते सांगितलं नसेल. 'आतां नाका' एवढंच ऐकून त्या शिकल्या असतील.

म्हणून 'का नको' विचारणं सोडा. पुढच्या वेळी त्या 'आतां नाका' म्हणाल्या की लगेच विचारा, "मागीर केन्ना?" मग कधी? त्याचं उत्तर त्यांच्याकडे नक्की असेल.

चवथ आता पंधरा दिवसांवर आली आहे, हा मुहूर्त दवडू नका. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती चौकट तुम्ही दोन वर्षं पाहिली आहे. नारळ, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंग, चिबूड, आंबाडे, कवंडळं, माट्टुळ्या, कांगलं. यातलं पुष्कळसं हल्ली आपण फोंड्याच्या माटोळीच्या बाजारातून आणतो. सासूबाईंच्या शेजारी बसा आणि विचारा, "तुम्ही नवी सून होतात तेव्हा माटोळीला आपल्या परसातलं काय काय असायचं? आणि ते कुठे लावलेलं असायचं?" 'कुठे' हा शब्द विसरू नका. चिबडाचा वेल कोणत्या कोपऱ्यात चालायचा, माडाच्या मुळाशी सुरण होता की माडीचा कंद, कोणत्या भागात पाणी तुंबायचं. साठ वर्षांचं माती परीक्षण त्या खुर्चीवर बसलेलं आहे. एक साधी वही घ्या, पानाच्या डोक्यावर सणाचं नाव लिहा आणि खाली त्या सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत.

पुढच्या मिरगासाठी माझी यादी छोटी आहे. मातीचे गादीवाफे निदान वीतभर उंच. त्यावर सात शिरांचा भेंडा, पलीकडे मांडवावर दोडकी, पडवळ, कारली आणि तवशी, म्हणजे काकड्या. सावलीच्या कडेला हळद, आलं, अळू. कणगी आणि कारांदे हे कंद पहिल्या पावसाबरोबर लावले की थंडीत खणायचे, मधल्या काळात त्यांना काही मागायचं नसतं. तवशी आणि दोडक्यांवर फळमाशी येईल. कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधा आणि किडून गळलेलं फळ तिथेच न ठेवता हातभर खोल पुरा. मोठ्या आफ्रिकी गोगलगाई रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून, आणि घट्ट मिठाच्या पाण्यात टाकायच्या. एवढं केलंत तर पावसात परसाला तुमची आणखी फारशी गरज नसते. ओल्या मातीत सारखं फिरू नका, ती पायाखाली दगडासारखी घट्ट बसते.

तुमचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर उघडतो. पुण्यात जूनला जे वाटतं ते इथे दसऱ्याला वाटायला हवं. चवथीचं विसर्जन झालं की टोमॅटो, मिरची, झेंडूचं बी ट्रेमध्ये पेरा आणि ट्रे पडवीच्या वळचणीपासून आत, पण उजेडात ठेवा. तोवर वाफा तयार करा. आधी चुना, चौरस मीटरला दीड-दोन मुठी, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी कुजलेलं शेणखत. दोन्ही एकाच दिवशी मिसळू नका, खतातला नत्र वायू होऊन उडून जातो. जमलं तर त्याआधी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात मातीचा नमुना द्या, चुना किती हवा ते नेमकं कळेल. दसऱ्यानंतर रोपं लावा, अर्थात मर लागलेला वाफा सोडून. तुळशीच्या लग्नाला टोमॅटोला फूल असेल, झेंडू वृंदावनाला वाहता येईल, नाताळच्या आसपास पहिला टोमॅटो पिकेल. तो सासूबाईंच्या हातात द्या.

तांबडी भाजी दसऱ्यापासून दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा, म्हणजे महिनाभराने सुरू झालेली भाजी शिगम्यापर्यंत संपत नाही. बी मोहरीहून बारीक असतं, मुंग्या ओढून नेतात. चुलीच्या राखेत मिसळून विस्कटा. राख मातीचा आंबटपणाही थोडा मारते आणि पालाशही देते. भातकापणी झालेल्या शेतात लोक नोव्हेंबर-डिसेंबरात अळसांदे टाकतात, ते तुमच्या परसातही होतील. उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ते निम्मे वाढतात. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, आंब्याला मोहर, वाफ्यात तांबडी भाजी, हातात पाण्याची कळशी, यासाठी मी पावसाचे चार महिने आनंदाने सोसते.

उन्हाळ्याचं थोडक्यात. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेर करा, त्याला थोडा ताण द्या, मग मार्चपासून फुलांनी लगडेल. विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये खाली जातं, म्हणून नारळाची सोडणं फेकू नका. माडाभोवती चर खणून पुरायची असतील तर पोकळ बाजू वर ठेवा, म्हणजे पाणी धरतात. नुसती जमिनीवर पसरायची असतील तर पोकळ बाजू खाली. बियांसाठी मे महिन्यात जागा करा. माझी आई राखेत घोळवलेलं बी फडक्यात बांधून चुलीच्या वर टांगायची, धुरामुळे किडा लागत नसे. चूल नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत राखेसकट ठेवा.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या सासूबाईंशी बहुधा भांडेन, जशी माझ्या आईशी भांडले. थंडी सरली की गावागावांत संध्याकाळी पातेरा, म्हणजे वाळकी पानं, जाळल्याचा धूर निघतो. पानांत साप लपतात ही भीती खरी आहे, म्हणून ढीग घराला लागून नको. पण जाळू नका. जाळल्यावर मूठभर राख उरते, बाकी सगळं आकाशात जातं. तोच पातेरा एप्रिलमध्ये झाडांच्या बुंध्याशी चार बोटं जाड पसरला तर मूळ थंड राहतं, आणि जूनच्या पहिल्या सरींचा मारा मातीवर न बसता पानांवर बसतो. सासूबाई यालाही 'नाका' म्हणतील. या एका ठिकाणी त्यांचं ऐकू नका, आणि तसं त्यांना प्रेमाने सांगा.

राहिली फरशी. घालू नका. चार गुंठ्यांवर पडणारं पाणी आज जांभ्यात मुरतं आणि तुमच्याच विहिरीला मिळतं. फरशीवरून ते थेट पडवीत शिरेल, आणि एप्रिलमध्ये तीच फरशी तापून घरात धग फेकेल. यजमानांची चिखलाची तक्रार खोटी नाही, तेव्हा तिचा मान ठेवा. गाडीसाठी घराच्या पुढल्या बाजूला चाकांपुरत्या चिऱ्यांच्या दोन पट्ट्या पुरतात. मागे पडवीपासून विहिरीपर्यंत चिऱ्यांची वाट करा, दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवून, आणि एका बाजूला कमरेइतका बांबूचा कठडा बांधा. पाऊस थांबल्यावर, वाट कोरडी असताना, कोणाचा हात धरून सासूबाईंना त्या कठड्याच्या आधाराने दहा पावलं उतरता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वाफे त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना करा.

आणि तो खांबावरचा दोडक्याचा वेल. कोणी लावला ते ठाऊक नाही असं तुम्ही लिहिलंत. तो खुर्चीवरून हात पोचेल एवढ्याच अंतरावर उगवला आहे का, ते आज संध्याकाळी बघा. बाकीची दोडकी भाजीला काढा, एक माटोळीला ठेवा. आणि बियाला कोणतं वेलावरच वाळू द्यायचं, ते त्यांना विचारून त्याच्या देठाला दोरा बांधा.